सूचीबाहेरची तबकडी

पुण्याच्या वायव्येस मुळेच्या कांठीं वसलेलें वाकड हें तीस वर्षांपूर्वीं ज्वारीच्या शेतांचें आणि म्हातोबाच्या यात्रेचें गांव होतें. यात्रा अजून भरते. शेतांच्या जागीं मात्र वीस-वीस मजल्यांच्या इमारती उभ्या राहिल्या आहेत, आणि हिंजवडीच्या संगणक-कचेऱ्यांतील तरुण व पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांतून निवृत्त झालेले वृद्ध एकाच लिफ्टमधून वरखालीं करीत असतात. अशाच एका इमारतीच्या अकराव्या मजल्यावर आमचे एक स्नेही राहतात. त्यांचें सारें आयुष्य एका कारखान्याच्या टूलरूममध्यें गेलें. ग्रामोफोनची तुटलेली स्प्रिंग, झिजलेला गव्हर्नर, घोगरा झालेला साउंडबॉक्स त्यांच्या हातीं पडला म्हणजे पुन्हां बोलूं लागतो. महिन्यांतून एका रविवारीं त्यांच्याकडे पांच-सात रेकॉर्ड-संग्राहक जमतात. आम्ही स्वतः संग्राहक नव्हे. इतिहासाचे अध्यापक म्हणून, आणि खरें सांगावयाचें तर तेथल्या चहाच्या लोभानें, आम्ही जाऊन बसतों.

मागच्या पावसाळ्यांत त्या बैठकीस शेजारच्या इमारतींतील एक तरुण आला. त्याच्या काखेंत एक जाडजूड इंग्रजी ग्रंथ होता. १९६० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील शाळा-कॉलेजांतल्या मुलांनीं गिटारी व ढोल घेऊन आपापल्या घरच्या मोटारखान्यांत वाद्यमेळे काढले, गांवच्या लहानशा स्टुडिओंत एखादें-दुसरें गाणें मुद्रित केलें, त्याच्या कांहींशें प्रती वांटल्या-विकल्या, आणि पुढें नोकरीधंद्याला लागून बहुतेकजण तें सारें विसरून गेले. मोटारखान्यांत जन्मलें म्हणून या संगीतास 'गॅरेज रॉक' म्हणतात. माइक मार्केसिच या अमेरिकन संग्राहकानें २०१२ सालीं 'टीनबीट मेहेम' या नांवाचा जो ग्रंथ काढला, त्यांत अशा सुमारें सोळा हजार गाण्यांची नोंद आहे. आणि नुसती नोंद करून ग्रंथकार थांबलेला नाहीं, तर परीक्षकांप्रमाणें प्रत्येक गाण्यास एक ते दहा असे गुण दिले आहेत. आमच्या तरुण मित्राजवळ या जातीच्या दहाबारा तबकड्या आहेत. त्यांतल्या त्याच्या सर्वांत आवडत्या तबकडीस ग्रंथांत पांच गुण होते. हें सांगतांना त्याचा चेहरा नापास झालेल्या विद्यार्थ्याच्या बापासारखा झाला होता.

गंमत अशी कीं, जमलेल्या वृद्धांपैकीं एकानेंहि त्या संगीताचा एक सूर आयुष्यांत ऐकलेला नव्हता. परंतु त्या तरुणाचें दुःख सर्वांना तत्काळ कळलें. एकानें विचारलें, "तुमच्या सगळ्या रेकॉर्डी त्यांत आहेत का हो?" दुसऱ्यानें जरा पुढें झुकून विचारलें, "त्यांत नाहीं अशी एखादी आहे का तुमच्याकडे?" या दोन प्रश्नांत संग्राहकाचा सारा स्वभाव आला. आपल्या छंदाचा संदर्भग्रंथ हातीं आला तर सामान्य वाचक तो पहिल्या पानापासून उघडतो. संग्राहक मात्र स्वतःचें पान शोधतो, तेथें चूक सांपडली कीं सुखावतो आणि न सांपडली कीं रुसतो.

आपल्याकडेहि असे मोटारखान्यांतले वाद्यमेळे होते, हें पुष्कळांस ठाऊक नसेल. १९७० व १९७१ सालीं एका सिगारेट-कंपनीनें 'सिमला बीट' या नांवानें अशा मेळ्यांच्या अखिल भारतीय स्पर्धा भरविल्या आणि निवडक गाण्यांच्या दोन तबकड्या काढल्या. त्या पुढें परदेशी संग्राहकांनीं हुडकून काढल्या व युरोपांत पुन्हां छापल्या गेल्या. परंतु आमच्या बैठकीचा जीव गुंतलेला असतो तो त्याहून जुन्या, लाखेच्या, मिनिटास अठ्ठ्याहत्तर फेरे घेणाऱ्या तबकडींत. आणि सूचि व संग्राहक यांचा हा रुसव्या-फुगव्याचा संसार महाराष्ट्रानें जो पाहिला आहे तो याच तबकडीच्या संबंधांत.

१९०२ च्या अखेरीस फ्रेड गेसबर्ग हा ग्रामोफोन कंपनीचा तंत्रज्ञ आपलें यंत्र घेऊन कलकत्त्यास उतरला आणि त्या नोव्हेंबरांत त्यानें गौहरजान यांचें गाणें मुद्रित केलें. मेणावरचे ते ठसे जर्मनींत हानोव्हरला जात, तेथें तबकड्या तयार होत आणि मग त्या हिंदुस्थानांत येऊन विकल्या जात. गाणें संपतांच गायिका इंग्रजींत आपलें नांव सांगते, तें रसिकांसाठीं नसून, तिकडच्या कारागिरांना लेबलाचा घोटाळा होऊं नये म्हणून असे, असें सांगतात. प्रत्येक ठशावर एक अनुक्रमांक कोरलेला असे, त्यासोबत मुद्रण करणाऱ्याचें खुणाक्षर असे. या क्रमांकाला 'मॅट्रिक्स नंबर' म्हणतात. लेबल फाटो, नांव चुकीचें छापलें जावो, तोच ठसा पुढें दुसऱ्याच लेबलाखालीं विकला जावो. लेबलाच्या कडेला लाखेंत कोरलेला हा आंकडा सहसा खोटें बोलत नाहीं. कंपन्यांचीं सूचिपत्रें त्या काळींहि निघत, पण तीं माल खपविण्यासाठीं असत. न खपणारी तबकडी पुढच्या वर्षीं सूचिपत्रांतून नाहींशी होई, आणि दोनतीन वर्षांत ती कधीं निघाली होती याचीहि आठवण उरत नसे.

हे आंकडे एका माळेंत ओंवण्याचें काम कोणा पुणेकरानें अथवा मुंबईकरानें न करतां मायकेल किनिअर या ऑस्ट्रेलियन गृहस्थानें करावें, ही गोष्ट आमच्या संग्राहकांच्या मनाला कायमची लागून राहिली. १९८५ मध्यें त्यांची हिंदुस्थानी व कर्नाटकी संगीताच्या ध्वनिमुद्रिकांची सूचि परदेशांत निघाली. १९९४ मध्यें ग्रामोफोन कंपनीच्या १८९९ ते १९०८ या काळांतील पहिल्या हिंदी मुद्रणांचा ग्रंथ मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनानें छापला. आणि २००३ मध्यें खांसाहेब अब्दुल करीमखां यांचें चरित्र व त्यांच्या ध्वनिमुद्रिकांची सूचि एकत्र निघाली. यांपैकीं १९९४ चा ग्रंथ आमच्या वाकडच्या स्नेह्यांपाशीं आहे. तो त्यांनीं प्रथम उघडला त्या दिवसाची हकीकत ते स्वतःच हंसत सांगतात. तीस वर्षें जमविलेल्या आपल्या जुन्यांतल्या जुन्या सात तबकड्या त्यांनीं टेबलावर मांडल्या आणि ग्रंथांत शोधूं लागले. चार सांपडल्या. दोन त्या काळच्या नव्हत्याच, पुष्कळ अलीकडच्या निघाल्या. सातवीचा क्रमांक ग्रंथांत होता, पण गाण्याचा मुखडा निराळा छापला होता. "त्या एका चुकीवर मी आठ दिवस जगलों," असें ते म्हणतात.

मात्र सूचीनें एखाद्या घराला काय करतां येतें याचा आमचा स्वतःचा अनुभव याहून वेगळा आहे.

आमच्या घरीं एक तबकडी होती, आणि तिला एक कथा होती. आमचे पणजोबा १९०५ च्या डिसेंबरांत बनारसच्या काँग्रेसला गेले होते. नामदार गोखले अध्यक्ष होते ती ही काँग्रेस. परततांना त्यांनीं ही तबकडी आणली, असें आम्ही लहानपणापासून ऐकत आलों होतों. त्यामुळें त्या तबकडीला आमच्या घरांत गंगाजळीच्या तांब्याचा मान होता. दसऱ्याला तिच्यावर सोन्याचीं पानें वाहत. तींत काय गाइलें आहे याकडे फारसें कोणाचें लक्ष नव्हतें. एका रविवारीं आम्हीं ती मोठ्या अभिमानानें वाकडला नेली. स्नेह्यांनीं ती हातांत घेतली, उलटून पाहिली, आणि आमच्याकडे जरा अपराधीपणानें पाहिलें. ग्रामोफोन कंपनीच्या आरंभींच्या हिंदी तबकड्या एकाच बाजूस मुद्रित असत. हिच्या दोन्ही अंगांस गाणें होतें. लेबलावर कर्ण्यापुढें बसलेला कुत्रा होता. तें चित्र कंपनीच्या लेबलांवर १९०९ च्या आधीं छापलेंच गेलें नव्हतें. सुई ठेवतांच आवाज आला तो विद्युत् ध्वनिमुद्रणाचा, आणि तें तंत्र जगांत १९२५ च्या सुमारास आलें. शेवटीं मॅट्रिक्स नंबर पाहून त्यांनीं सूच्यांवरून अदमास बांधला: १९२८ च्या आगेंमागें.

आमच्या वृद्ध काकांना हें सांगितलें तेव्हां ते संतापले. "त्या पुस्तकवाल्याचे पणजोबा आले होते का बनारसला?" असें त्यांनीं विचारलें, आणि हा प्रश्न बिनतोड आहे अशा समजुतीनें ते दोन दिवस आमच्याशीं बोलले नाहींत. परंतु आमच्या डोक्यांत निराळेंच चक्र सुरू झालें होतें. पणजोबा १९१८ च्या मानमोडीच्या सांथींत वारले. १९२८ सालीं आमचे आजोबा सोळा वर्षांचे, इंग्रजी शाळेंत शिकणारे, आणि काकांच्याच सांगण्याप्रमाणें गाण्याचे पक्के शत्रु होते. घरांत दुसरा पुरुष नव्हता. होत्या त्या फक्त आमच्या पणजी, लाल आलवण नेसणाऱ्या, सोंवळ्यांत राहणाऱ्या. आणि तबकडीवर गाणें होतें तें एका नांवाजलेल्या बाईची ठुमरी.

आम्हीं हें आईला सांगितलें. आई बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "सासूबाई सांगत कीं थोरल्या आजींना गाण्याचा फार नाद होता. दुपारीं माडीचें दार लावून बसत म्हणे. आम्हांला वाटे, जपाला बसतात."

नवऱ्यामागें दहा वर्षांनीं एका विधवेनें कोणाच्या तरी हातून, कोठून तरी, ठुमरीची एक तबकडी विकत आणविली. ती घरांत सांपडली तेव्हां ती कोणाची हें सांगणें शक्य नव्हतें, म्हणून ती मृत पतीच्या नांवें जमा झाली. आणि शोभा यावी म्हणून तिला गोखल्यांची काँग्रेसहि जोडली गेली. हा आमचा तर्क आहे, पुरावा नव्हे, हें आम्ही व्यवसायानेंच जाणतों. परंतु पणजोबांची कथा तर आतां तर्क म्हणूनहि उभी राहत नाहीं. काकांनीं पुढें एकदां, कोणी नसतांना, ती तबकडी लावायला सांगितली. दोन्ही बाजू ऐकल्या आणि तिच्यावर पानें वाहण्याचें काम यापुढें घरांतल्या सुनांनीं करावें असें सांगितलें. याचा अर्थ आम्हीं त्यांना विचारला नाहीं.

घरच्या कथेची जी गत तीच राष्ट्राच्या कथांची. गिनेसच्या विक्रमग्रंथाच्या १९७४ च्या आवृत्तींत लता मंगेशकर यांनीं १९४८ ते १९७४ या काळांत पंचवीस हजारांहून कमी नाहींत इतकीं गाणीं मुद्रित केलीं असें छापलें गेलें. महंमद रफी यांनीं त्यावर हरकत घेतली आणि स्वतःचा आंकडा अठ्ठावीस हजारांपर्यंत सांगितला. देशभर लोकांनीं दोन तट करून वाद घातला. बेरीज-वजाबाकी मात्र कोणी केली नाहीं. सव्वीस वर्षांत पंचवीस हजार म्हणजे, एकहि दिवस आजारी न पडतां, रोज अडीच गाण्यांहून अधिक! तेव्हां हिंदी बोलपट वर्षाला शंभर-सव्वाशें निघत. प्रत्येकांत आठ-दहा गाणीं धरलीं तरी सगळ्या गायक-गायिकांचीं मिळून हजार-बाराशें होतात. ही साधी गोष्ट देशापुढें मांडली ती कानपूरच्या हरमंदिरसिंग 'हमराज' या बँकेंत नोकरी करणाऱ्या गृहस्थांच्या 'हिंदी फिल्म गीत कोश' या ग्रंथमालेनें. १९५१ ते १९६० या दशकाचा खंड त्यांनीं सर्वांत आधीं, १९८० सालीं काढला, आणि मागचीं-पुढचीं दशकें मग भरीत गेले. त्या कोशाच्या आधारें मोजदाद झाली तेव्हां लताबाईंचीं हिंदी चित्रपटगीतें सुमारें पांच हजारांच्या घरांत भरलीं. गिनेसनें १९९१ मध्यें ती नोंदच काढून टाकली. आमच्या ओळखीच्या एका लताभक्तानें त्या वेळीं कोशाचे खंड रागानें परत पाठविण्याचें ठरविलें होतें. ते त्यानें पाठविले नाहींत, कारण दरम्यान त्यांत त्याला आपण न ऐकलेलीं चाळीस गाणीं सांपडलीं होतीं. पांच हजार गाणीं हें लहान काम आहे असें वाटण्याइतकी आपली कल्पनाशक्ति त्या पंचवीस हजारांनीं बिघडवून टाकली होती, एवढेंच आमचें म्हणणें.

रुसवा ओसरला म्हणजे संग्राहक कामाला लागतो, हेंहि सांगितलें पाहिजे. १९९० सालीं मुंबईंत 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था निघाली आणि पुढच्या वर्षापासून 'द रेकॉर्ड न्यूज' हें तिचें नियतकालिक सुरू झालें. टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील भौतिकशास्त्रज्ञ डॉ. सुरेश चांदवणकर हे त्या संस्थेचे चिटणीस म्हणून तिचा प्राण होते. कलावंतांच्या तबकड्यांच्या याद्या, बुडालेल्या कंपन्यांच्या हकीकती, जुनीं सूचिपत्रें यांनीं त्या अंकांचीं पानें भरलेलीं आहेत. लिहिणारे बहुतेक हौशी. कोणी बँकेंतले, कोणी कारखान्यांतले. 'यंग इंडिया' या मुंबईच्या स्वदेशी तबकडीचेंच पाहा. ही कंपनी १९३५ सालीं निघाली व १९५५ मध्यें बंद पडली. त्या वीस वर्षांत तिनें दहा हजारांच्या आसपास गाणीं बाजारांत आणलीं, तींहि बहुतेक नवख्या व हौशी कलावंतांचीं. मोठ्या कंपनीचीं गाणीं पुढें लाँग-प्ले, कॅसेट असा पुनर्जन्म घेत राहिलीं. यंग इंडियाला वारसच नव्हता, त्यामुळें जी तबकडी फुटली ती कायमची गेली. डॉ. चांदवणकरांनीं ब्रिटिश लायब्ररीच्या साह्यानें संग्राहकांच्या घरांतून अशा कांहींशें तबकड्या आणि त्यांचीं सूचिपत्रें गोळा करून तीं संगणकावर उतरविलीं. दहा हजारांपुढें हा आंकडा लहान आहे; परंतु तो शून्य नाहीं.

सूचींत रिकाम्या जागाहि असतात, आणि संग्राहकाची झोंप उडते ती तेथें. भास्करबुवा बखले १९२२ मध्यें गेले, अल्लादियाखांसाहेब १९४६ मध्यें. दोघांचीहि एकहि ध्वनिमुद्रिका ज्ञात नाहीं. जुन्या बाजारांत ढिगावर वांकलेला प्रत्येक संग्राहक मनांतल्या मनांत बखलेबुवांनाच शोधत असतो. याहून लहान रिकाम्या जागा शेंकड्यांनीं आहेत: कंपनीच्या वह्यांत क्रमांक आहे, मुद्रणाचें गांव आहे, पण तबकडी कोणीं पाहिलेली नाहीं, आणि गाण्याच्या रकान्यांत नुसती रेघ. अशी तबकडी ज्याच्या हातीं येते त्याच्यापुढें मोठा पेंच पडतो. सांगावें तर सूचि भरते आणि आपलें गुपित संपतें. शिवाय विकत मागणारे दारांत उभे राहतात. न सांगावें तर आपल्यामागें तिचें काय होणार?

आमच्या परिचयाचे एक गृहस्थ न सांगणाऱ्यांपैकीं होते. चिंचवडला त्यांचें लहानसें घर होतें. एकदां, पुष्कळ आग्रहानंतर, त्यांनीं कपाटांतून मलमलींत गुंडाळलेली एक तबकडी काढून आम्हांला दुरून दाखविली. लेबलावर बाईचें नांव आणि पुढें 'कोल्हापूर' एवढें आम्हीं वाचलें. "ही कोणत्याच पुस्तकांत नाहीं," ते म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत जें तेज आलें तें आम्हीं पुन्हां कोणाच्या डोळ्यांत पाहिलेलें नाहीं. त्यांनीं ती लावली नाहीं. सुईनें झिजेल म्हणून. आमच्या खिशांत पेन होतें. क्रमांक टिपून घ्यावा असें आमच्या मनांत आलें, आणि यजमानास वाईट वाटेल म्हणून आम्हीं तो टिपला नाहीं. २०२० च्या करोनाच्या सांथींत ते गेले. मुलगा परदेशांतून कांहीं महिन्यांनीं येऊं शकला, तोंवर घर भाडेकरूसाठीं रिकामें करून झालें होतें. लाखेच्या तबकडीला रद्दीवाला कांहीं देत नाहीं. ती वितळवून उपयोग नाहीं, कांचेसारखी फुटते, आणि वजनाला फार. कचऱ्याच्या गाडींत चार खेपा गेल्या, असें शेजाऱ्यांनीं सांगितलें. आतां आम्हांला त्या बाईंचें नांवहि नक्की आठवत नाहीं. चाळीस वर्षें विद्यार्थ्यांना साधनें टिपून ठेवण्याचें महत्त्व शिकविणाऱ्यांच्या आधींच्या पिढीनें आम्हांला वाढविलें, आणि आम्हीं स्वतः तीस वर्षें तेंच शिकविलें. हें लिहितांना आम्हांला लाज वाटते.

त्या वर्षापासून वाकडच्या बैठकींत एक नवा नियम झाला आहे. जी तबकडी लागेल तिचे लेबलावरचे व लाखेंतले सर्व आंकडे प्रथम मोठ्यानें वाचावयाचे, आणि स्नेही ते एका लांबट हिशेबाच्या वहींत उतरवून घेतात. किनिअरांच्या ग्रंथांत असोत वा नसोत. वही आतां तिसरी चालू आहे. वृद्धांपैकीं दोघे अजून कुरकुर करतात. एक आपल्या तबकडीचा आंकडा मुद्दाम पुटपुटल्यासारखा वाचतो, आणि स्नेही भिंगानें पाहून तो पुन्हां नीट लिहितात.

मागच्या महिन्यांत त्या तरुणानें आपली पांच गुणांची तबकडी आणली होती. अडीच मिनिटांचें गाणें. कर्कश गिटार, आणि एखाद्या सोळा-सतरा वर्षांच्या पोराचा फुटणारा आवाज. आमच्या मंडळींना तें आवडलें असें म्हणवत नाहीं. स्नेह्यांनीं तबकडी उचलून दिव्याखालीं धरली, चष्मा कपाळावर सारला आणि कडेचा आंकडा वाचला. वहींत त्याच्या वरच्या ओळीवर जोगियांतल्या एका नाट्यपदाची नोंद होती. "गांव कोणतें?" त्यांनीं विचारलें. तरुणानें अमेरिकेंतल्या कुठल्याशा खेड्याचें नांव सांगितलें. तें देवनागरींत कसें लिहावें यावर दहा मिनिटें वाद झाला, तोंवर चहा आला.